उलटी छापलेली पूर्व

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज अर्धा तास लांबचं काहीतरी बघत जा." घड्याळजी चक्रावले. घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी वीतभर अंतरापलीकडचं काही मन लावून पाहिलंच नव्हतं. शेवटी मुलीनं ताऱ्यांचा नकाशा आणून दिला, आणि दिवेलागण झाल्यावर ते बॅटरी घेऊन गच्चीवर गेले.

नकाशा जमिनीवर पसरला. दोन कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, दोनांवर विटांचे तुकडे. उत्तर वर, दक्षिण खाली, इथवर ठीक. पण पूर्व चक्क डावीकडे! इथंच घोडं पेंड खायला लागलं. त्यांनी नकाशा फिरवला, मग स्वतः फिरले, आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले. वर तर कुठल्याही तीन ठिपक्यांचा मृग होत होता.

वाळलेले कपडे काढायला बायको वर आली. ती शिवणकाम करायची.

"छापणाऱ्यानं घोळ घातलाय," घड्याळजी म्हणाले. "पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झालीय."

तिनं नकाशा उचलून पाहिला. "अहो, तुम्ही हा टेबलावरच्या कापडासारखा बघताय. आभाळ आपण खालून बघतो. कोटाचं अस्तर आतून बघावं तसं. डोक्यावर धरा बरं."

त्यांनी धरला. पूर्व मुकाट्यानं पूर्वेला गेली. कशी, ते त्यांना नीटसं उमगलं नाही. पण गेली खरी. मग एका रांगेत तीन तारे दिसले, भोवती चार. "मृग," ते पुटपुटले. तिघांची रेघ खाली लांबवली तर ठसठशीत व्याध. घड्याळजींना भलताच हुरूप आला.

तेवढ्यात वरच्या बाजूला एक मोठा तारा दिसला. लुकलुकत नव्हता. नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हा कोण?"

"ग्रह असेल. मुलगी सांगत होती, ते फिरस्ते, म्हणून नकाशात नसतात."

"म्हणजे उद्या इथं नसणार?"

"उद्या असेल. महिन्याभरात सरकेल थोडा."

"कुठल्या बाजूला?"

"ते मला कुठं ठाऊक?" म्हणत ती कपडे घेऊन खाली गेली.

आत्ता कुठं बसलेली घडी पुन्हा विस्कटली. घड्याळजींनी पेन्सिलीनं त्या जागी ठिपका काढला, शेजारी तारीख घातली. छापील नकाशात असं काही लिहावं की नाही, तेही त्यांना कळेना. खालून जेवायला हाक आली. मान अवघडली होती, तरी ते वरच बघत राहिले.