हिरवी वायर

दुसरं गीत संपून प्रार्थना सुरू झाली आणि एझेल पेटवेच्या काळजात धस्स झालं. डब्यातली हिरवी वायर आपण जोडली होती का?

आठवेना. काळी जोडलेली आठवत होती, पांढरी आठवत होती, सहा पिनांच्या सॉकेटला एकेक करून सोल्डरचा डाग दिलेला आठवत होता. हिरवीच्या नावानं मात्र शंख.

डबा समोरच होता, वाजवायला बसलेल्या त्याच्या लेकीच्या, व्हर्निटाच्या पायाशी. चर्चचा जुना ऑर्गन छताच्या गळतीनं कुजून गेला होता. त्याचा फिरता स्पीकर तेवढा वाचला. छातीइतकं उंच लाकडी खोकं आणि आत मोटरवर गरगरणारा भोंगा. त्या भोंग्याशिवाय डेट्रॉइटच्या त्या गल्लीत रविवार म्हणजे अळणी ग्रिट्स, बिनमिठाची मक्याची लापशी! वर्गणी काढून कीबोर्ड आणला, तर त्याची वायर या म्हाताऱ्या स्पीकरला कुठेच बसेना. दुकानदार म्हणाला, खोकं फेकून द्या. एझेल म्हणाला, "फेकायला तुझ्या बापाचं आहे काय?" आणि दोन आठवडे तळघरात बसून त्यानं दोघांच्या मधला हा पत्र्याचा डबा घरीच बनवला. एका अंगाला कीबोर्ड, दुसऱ्या अंगाला स्पीकर, भिंतीतून वीज, आणि भोंगा सावकाश फिरवायचा की जोरात, त्यासाठी पायाचं बटण. चाळीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेला माणूस तो. शनिवारी तालमीत भोंगा असा काही घुमला की रेव्हरंड स्टॉलवर्थनी त्याला मिठीच मारली.

पण हिरवी वायर नसली तरी भोंगा घुमतोच, मेला! ती वायर आवाजासाठी नसते, माणसासाठी असते. आत कुठे वीज डब्याला लागली तर ती जमिनीत नेऊन सोडायची, एवढंच तिचं काम. ती नसली तर डबा जिवंत, डब्याला जोडलेला कीबोर्ड जिवंत. आणि हात कीबोर्डच्या पत्र्याला लागलेला असताना कुणी जमिनीशी जोडलेल्या माईकला ओठ लावले, की खेळ खलास.

'पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत,' एझेलनं स्वतःला समजावलं. 'आणि पोरगी आज गाणार नाहीये.'

मग उठून सांगावं ना सरळ? सांगणार काय, कपाळ! नाताळात गॅस रात्रभर चालू राहिला होता. मार्चमध्ये तो गाडी घेऊन थेट विकून टाकलेल्या जुन्या घरी गेला आणि परक्याच्या दाराला किल्ली लावत बसला. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं, पण व्हर्निटा हल्ली टक लावून बघायची. एक जरी चूक कळली की गाडीची किल्ली जाणार, घर जाणार, आणि आपली रवानगी अटलांटाला बहिणीकडे. तो जागचा उठला नाही. तळहात पँटला पुसत राहिला.

प्रवचन चढत गेलं. रेव्हरंडनी एक वाक्य टाकावं आणि व्हर्निटानं भोंग्यातून त्याला उत्तर द्यावं. लोक उभे राहिले. "बोला, पाळकसाहेब, बोला!" बायकांच्या हातातले पंखे थांबले, पाय वाजू लागले. व्हर्निटानं बटण दाबलं, भोंगा जोरात फिरू लागला, आणि त्याच रंगात रेव्हरंड तिच्याकडे वळले.

"सिस्टर व्हर्निटा, आज तुम्हीच गा! अहो, कुणीतरी त्यांना माईक द्या!"

सेवेकरी सिस्टर लोरेथा स्टँडसकट माईक घेऊन निघाली.

एझेल ताडकन उठला. "नको! हात लावू नकोस! व्हर्नी, नको!"

"हालेलुया!" शेजारी बसलेला चर्चचा डीकन बिब्ज ओरडला. "ब्रदर पेटवेंच्या अंगात पवित्र आत्मा आला!"

झालं! पांढरे हातमोजे घातलेल्या चार सेवेकरी बायांनी त्याच्याभोवती कडं केलं. एकीनं फुटू नये म्हणून चष्मा काढून घेतला, एक वारा घालू लागली. जितका तो धडपडला तितका टाळ्यांचा गजर वाढला.

"सोडा गं मला! ती मरेल!"

"सोडून द्या सगळं येशूवर, ब्रदर!" बिब्ज रडत म्हणाला.

चष्म्याविना त्याला एवढंच दिसलं की माईक व्हर्निटाच्या तोंडापाशी आलाय. त्यानं बिब्जच्या बरगडीत कोपर हाणलं, बायांच्या हाताखालून वाकून निसटला आणि भिंतीपाशी जाऊन प्लग हिसकून काढला.

कीबोर्ड मुका झाला. भोंगा हळूहळू थांबला. टाळ्याही विरल्या, आणि दीडशे माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

व्हर्निटा उठून त्याच्यापाशी आली. "डॅडी, हे काय चाललंय? भर चर्चमध्ये?"

"स्क्रू-ड्रायव्हर घे. माझ्या वरच्या खिशात आहे. मला चष्म्याविना दिसत नाही."

तिनं तो घेतला आणि डब्यापाशी गुडघ्यावर बसून डब्याचं झाकण उघडलं. "काय बघायचंय?"

"हिरवी वायर."

"ही काय, आहे की."

तो जवळ जाऊन वाकला. डोळे बारीक केले. हिरवी वायर होती. स्क्रूखाली नीट वळवून घट्ट बसवलेली, आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. तपासून झालेल्या स्क्रूवर तसा ठिपका द्यायची त्याची दुकानातल्या दिवसांपासूनची खोड होती. दुसऱ्या कुणाची नव्हे.

"सगळं बरोबर आहे, डॅडी," व्हर्निटा चिडून म्हणाली. "उगाच जीव घेतलात सगळ्यांचा. एवढं छान काम केलंय तुम्ही!"

"हो," तो म्हणाला. "पण ते मी केलेलं मला आठवत नाही."

तिचा राग जागच्या जागी विझला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"नाताळापासून. आधीपासूनही असेल."

मागे कुणीतरी खोकलं. रेव्हरंडनी विचारलं, "ब्रदर पेटवे, सगळं ठीक ना? लावायचा का प्लग?"

एझेलनं लेकीचा हात धरून डब्यात नेला. "मी म्हणतो म्हणून लावू नकोस, पोरी. तू स्वतः ओढून बघ."

व्हर्निटानं वायर तीनदा ओढून पाहिली, झाकण लावलं आणि प्लग उचलला.