सहानंतरची दहा मिनिटं

“मामा, सही करा आणि मोकळे व्हा,” साहेबांनी कागद पुढे सरकवला. “दोन ओळी तर आहेत.”

फाटकावरच्या या रखवालदाराला सगळा कारखाना मामाच म्हणे. मामांनी कागद लांब धरून वाचला. ‘माझी ड्यूटी सहाला संपली होती. त्यानंतर फाटक मी माझ्या मर्जीने लोटले.’

पहिलं वाक्य खरं होतं, हीच तर पंचाईत. त्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फाटकाचं चाक गंजलेलं, म्हणून सगळे रखवालदार फाटकाला पाठ लावूनच ते रेटत. मामांनीही पाठ लावली, आणि शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन घाईने आत शिरणारी शिंपीणबाई त्यांना दिसलीच नाही. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं चेंगरली. ती किंकाळी अजून जेवताना कानात येई आणि घास तोंडातच फिरत राही.

“बाईने कंपनीवर दावा लावलाय. तुम्ही ड्यूटीवर नव्हता म्हटलं की कंपनी सुटली.”

“आणि मी?”

“तुमच्याकडून काय घेणार ती? उघड्याजवळ नागडं गेलं, सारी रात्र हिवानं मेलं!” साहेब स्वतःच हसले. “नोकरी मात्र राहील तुमची.”

घरी बायकोने सकाळीच बजावलं होतं, “हरिश्चंद्राचा अवतार होऊ नका. या वयात दुसरं दार कोण उघडणार आपल्याला?” खोटं नव्हतं तेही. मामांनी पेन उचललं. पुन्हा ठेवलं.

“साहेब, बदली माणूस आल्याशिवाय फाटक सोडायचं नाही, हा नियम कुणाचा?”

“कंपनीचाच. पण...”

“बदलीवाला आला नव्हता, म्हणून थांबलो. मागे बघितलं नाही ही चूक माझी, देवापुढे नाक घासतो रोज. पण फाटक काही माझ्या घरचं नव्हतं. काम तुमचंच करत होतो.”

साहेबांनी कागद ओढून घेतला. “उद्यापासून येऊ नका. गणवेश इथेच ठेवा.”

मामांनी सदरा उतरवला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि बनियनवरच बाहेर आले.

साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर शिंपीणबाई बसली होती. तिलाही साहेबांनी समजूत घालायला बोलावलं होतं. उजवा हात पट्टीत, मांडीवर तान्ह्या लेकरासारखा जपून ठेवलेला.

“ऐकलं मी सगळं,” ती म्हणाली.

“बाई, माझ्या हातून...”

“ते नका बोलू. बोटं माझी गेलीत. मी विसरायची नाही.” तिने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. “कोर्टात हेच सांगाल?”

“सांगेन.”

“मग येताना सदरा तेवढा घालून या.”

मामांना हसू आलं नाही, रडूही नाही. त्यांनी भिंतीचा आधार घेतला. बाई खिडकीबाहेर बघत राहिली आणि बाकावर जराशी बाजूला सरकली.