अष्टमीचं पाणी

अष्टमीला खाडीला उधाण नसतं. भरती हळूहळू चढते आणि भरली की थोडा वेळ तिथेच थबकते. तिथी पाळणाऱ्या सुलक्षणाताईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हीच सकाळ धरली. स्थिर पाण्यावरची गोराईची बोट टिपायची, हे त्यांच्या नवऱ्याच्या, जयवंतरावांच्या मनात होतं. ते राहूनच गेलं. कॅमेऱ्यात रोल तसाच ठेवून ते गेले.

त्यांच्या सद्गतीसाठी वर्षभर दर अष्टमीला सूर्योदय ते सूर्यास्त मौन, असा ताईंचा संकल्प होता. आजची शेवटची अष्टमी. मग वर्षश्राद्ध.

बोरीवलीच्या जेट्टीवर मुलगा सिद्धेश बाजूला उभा होता. "आई, फोनवर काढतो ना, झकास येईल," तो म्हणाला. ताईंनी नुसती मान हलवली.

पाणी थांबलं. तिवरांची सावली हलेनाशी झाली. पलीकडून बोट निघाली, मोटारसायकली आणि माणसं घेऊन, आणि तिच्याखाली दुसरी, उलटी बोट चालू लागली. ताईंनी मनात नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पुढच्या फोटोसाठी रोल सरकवायचा खटका ओढला, तर तो अर्ध्यावरच अडला.

"अडकलं वाटतं. दे इकडे." सिद्धेशने कॅमेरा घेतला. "उघडून बघतो, आत काहीतरी गुंतलंय."

ताईंनी हात हलवला, त्याची बाही ओढली.

"अगं, मोडत नाही मी." त्याने डावीकडची चकती चिमटीत धरली. ती वर ओढली की मागचं झाकण उघडतं. रोल आधी त्याच्या डबीत गुंडाळून न घेता झाकण उघडलं तर उजेडाने सगळा जळतो, हे नवऱ्याला रोल बदलताना बघून ताईंना माहीत होतं. जयवंतरावांसाठी धरलेलं मौन एका बाजूला, त्यांनी टिपलेलं सगळं दुसऱ्या बाजूला. सिद्धेशने चकती ओढायला सुरुवात केली.

"उघडू नकोस," ताई म्हणाल्या. "उजेड लागेल."

सिद्धेशचा हात थांबला. तो आईकडे बघत राहिला.

"रोल संपलाय. खालचं बारीक बटण दाब. आता त्या चकतीची दांडी बाहेर काढ आणि फिरव. हळू."

तो फिरवत राहिला. एकदम दांडी हलकी झाली.

"आता उघडलंस तरी चालेल."

त्याने रोल काढून आईच्या तळहातावर ठेवला. "पुन्हा गप्प बस ना. कोणी ऐकलं नाही."

"मी ऐकलं ना."

"मग आता?"

"वर्षश्राद्ध व्हायचं तेव्हा होईल. मौन मात्र पुन्हा वर्षभर धरेन."

"पुन्हा खाणाखुणा? आई, मला तुझ्या निम्म्या खुणा कळत नाहीत."

"शीक."

बोट जेट्टीला लागली, माणसं उतरून गेली. सिद्धेश पायरीवर आईशेजारी बसला.

"या रोलमध्ये एक तुझा फोटो आहे," तो म्हणाला. "तुळशीपाशी, डोळे मिटून उभी होतीस. तुला कळू न देता काढला बाबांनी. बोलू नकोस म्हणाले होते."

ताईंनी रोल मुठीत घेतला. मग विचारलं, "कोणती साडी होती रे?"

सिद्धेशला ते आठवेना.