बांधावरची चार वाजताची फेरी

वीबेच्या बेकरीत सकाळी दहाला कॉफी होते. तोवर पाव फळ्यांवर लागलेले असतात, भट्ट्या निवत असतात आणि वीबेचं तोंड चालू झालेलं असतं. त्या वर्षी त्याला एकच विषय मिळाला होता: फोन आपलं बोलणं ऐकतो.

"परवा आकेला म्हटलं, मूळव्याध उठलीय बहुतेक," तो सांगायचा, "तर संध्याकाळी फोनवर उशीची जाहिरात! मधे भोक असलेली! बायकोनं ऐकलं नाही, आणि ह्यानं ऐकलं!"

"मी ऐकलं होतं," त्याची बायको आके म्हणायची. "उत्तर दिलं नाही, एवढंच."

मग तो फोन तोंडाशी धरून ओरडायचा, "लिहून घे रे! दोन हत्ती पाहिजेत!" आणि दुसऱ्या दिवशी हत्तींची जाहिरात आली नाही म्हणून कुरकुरायचा. आम्ही हसायचो. हार्लिंगेनसारख्या समुद्रकाठच्या डच गावात कोण कोणावर पाळत ठेवणार? ते काम खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्या पिढ्यान्‌पिढ्या करताहेत. माझं मत तर पक्कं होतं. मी हिस्के, पन्नाशी उलटलेली विधवा, गल्ल्यावर उभी राहून पाव विकते. माझी माहिती कोणी चोरलीच तर वाचता वाचता त्याला झोप लागेल.

हसायची नाही ती योसिन. ती मार्चमध्ये दक्षिणेकडून आली आणि मागच्या खोलीत पाव बांधायच्या कामाला लागली. तिच्या दारावर नावाची पाटी नव्हती. फोन जुना, बटणांचा. कोणी फोटो काढायला लागलं की हिला नेमकं आत काहीतरी काम निघायचं.

"काय गं, बँक लुटून आलीस काय?" वीबेनं एकदा विचारलं. "आमच्याकडे बाई लपवण्यासारखं काही नाही."

"माझ्याकडेही नाही," ती म्हणाली. "मला फक्त सापडायचं नाहीये."

वीबे खो खो हसला. मीही हसले.

उन्हाळ्यात आमची दोघींची मैत्री जमली. काम संपलं की चार वाजता आम्ही समुद्राच्या बांधावर फिरायला जायचो. मेंढ्यांच्या फाटकापासून सुरुवात, दीपस्तंभ दिसेपर्यंत जायचं आणि परत. योसिन चालताना बोलायची. घर सोडून आल्याचं तिनं सांगितलं, नवऱ्याचं नाव मात्र कधी घेतलं नाही. ती रडली एकदाच, मागे राहिलेल्या कुत्र्याबद्दल बोलताना. एक कान लोंबलेला, करडा कुत्रा, फ्लिप त्याचं नाव. "त्याला घेऊन पळता आलं नाही," एवढंच म्हणाली.

ऑगस्टमध्ये माझ्या मुलीनं मला घड्याळ पाठवलं. पावलं मोजणारं, कुठून कुठे चाललात त्याचा नकाशा काढणारं. फेरी संपली की फोनवरच्या फिरणाऱ्यांच्या पानावर, सगळ्यांना दिसेल अशी, आपोआप चढायची आणि मला शाबासकी मिळायची. या वयात शाबासकी कोण देतं? मी फेऱ्यांना नावंसुद्धा द्यायला लागले. 'योसिनबरोबर बांधावर.' 'योसिन, मी आणि ढग.' एकदा गवतावर पडलेल्या आमच्या दोघींच्या सावल्यांचा फोटोही लावला. सावलीला कुठे चेहरा असतो, असं मनाशी म्हटलं.

आता वाटतं, असं म्हटलं म्हणजे मला तेव्हाच काहीतरी कळत होतं.

सप्टेंबरात कोणीतरी माझ्या फेऱ्यांना पसंतीचा अंगठा द्यायला लागलं. रोज, न चुकता. नावाच्या जागी 'चालणारा' एवढंच होतं. मग त्यानं लिहिलं, 'किती सुंदर वाट आहे. आम्हालाही यायचंय. गाडी कुठे लावता? उजेड कधी चांगला असतो?' मी भाबडेपणानं सगळं लिहिलं. मेंढ्यांच्या फाटकाजवळ जागा असते, चार वाजता या, आम्ही रोज तिथेच असतो.

दुसऱ्या दिवशी कॉफीला मी ते मिरवलं. "ऐका, मला चाहता मिळालाय!"

"म्हातारा असेल," आके म्हणाली.

"आंधळा असेल," वीबे म्हणाला.

योसिननं कप खाली ठेवला. "दाखव."

मी फोन पुढे केला. माणसाचा फोटो नव्हताच. करडा कुत्रा होता, एक कान लोंबलेला.

ती काही ओरडली वगैरे नाही. फोनवरच्या त्या कानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पहिला अंगठा कधीचा आहे?"

मी मागे मागे जात पाहिलं. "एकोणीस दिवसांपूर्वीचा."

"म्हणजे एकोणीस दिवस त्याला माहिती आहे," ती म्हणाली. "आणि तो आला नाही. तो घाई करत नाही, हिस्के. कधीच करत नाही."

मी सगळं पुसायला घेतलं. तिनं माझा हात धरला. रागावली असती तर बरं झालं असतं. "राहू दे. त्यानं केव्हाच पाहिलंय."

आकेनं पोलिसांना फोन केला. एक तरुण बाई आली, तिनं नीट लिहून घेतलं. पण पसंतीचा अंगठा देणं हा गुन्हा नाही आणि वाट विचारणं हाही नाही, असं तिनं सांगितलं. आश्रयघराचा नंबर मात्र लगेच लावून दिला. दुपारी आकेनं पावांच्या गाडीत, रिकाम्या करंड्यांच्या मागे योसिनला बसवलं. कुठे नेणार ते मी विचारलं नाही. मला काही माहीतच असू नये असं वाटत होतं.

चार वाजता वीबे आणि मी बांधावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित तो नसेल, आपण उगाच घाबरलो असू, हे डोळ्यांनी पाहायचं होतं.

फाटकाजवळ घडीच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. पायाशी कुत्रा. शेजारी दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली, रिकामी.

"हिस्के ना तुम्ही?" तो उठून म्हणाला. "चालण्यावरून ओळखलं. आज घड्याळ नाही घातलंत?"

वीबे पुढे झाला. "मेंढ्या मोजायला आलात का?" असं काहीतरी तो म्हणाला. त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

तो माणूस मनापासून हसला. "तुम्ही वीबे. हत्तीवाले. मजेदार आहात, फार आवडतं मला."

हत्तींचं मी कुठेही लिहिलं नव्हतं. वीबेनं ते पूर्वी कधीतरी बेकरीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं होतं, ते आठवायला मला दोन दिवस लागले.

"तिला सांगा, फ्लिप थकलाय आता," तो म्हणाला. "तिची वाट पाहतो."

पुढचे सहा दिवस तो रोज सकाळी दुकानात आला. अर्धा साखरपाव घ्यायचा, नमस्कार करायचा, थोडा वेळ उभा राहून आमचं बोलणं ऐकायचा. दहाच्या कॉफीला आता कोणी बोलत नसे. सातव्या दिवशी तो आला नाही.

"गेला एकदाचा," वीबे म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मी मात्र त्या पोलीसबाईला फोन लावला. "तो आज आला नाही."

"न येणं हाही गुन्हा नाही हो," ती म्हणाली.

"ते कळतं मला. पण तो घाई करत नाही आणि कंटाळतही नाही. मग आज का आला नाही?"

"थांबा, आजूबाजूच्या ठाण्यांत विचारते," ती म्हणाली.

दुपारी तिचा फोन आला. पूर्वेकडच्या एका गावाबाहेर त्याची गाडी अडवली होती. मागे कुत्रा, दोन खुर्च्या. फिरायला निघालोय, म्हणाला. गावाचं नाव तिनं सांगितलं नाही, पण योसिन तिथेच आहे हे तिच्या आवाजावरून मला समजलं. योसिनला त्याच दिवशी तिथून हलवलं. त्याला ते गाव कसं कळलं, हे कोणालाच सांगता आलं नाही. पुढे कोर्टानं त्याला तिच्याजवळ जायची बंदी केली. पण तिच्याजवळ म्हणजे कुठे, हे त्या कागदावर लिहिता येत नव्हतं.

योसिनकडून काही निरोप नाही. आके म्हणते, निरोप नाही हीच चांगली बातमी समज. मी समजायचा प्रयत्न करते. फोनवर अनोळखी नंबर दिसला की आधी वाटतं तीच असेल, आणि लगेच वाटतं, ती नसू दे.