दार एकदाचं बसलं

आईला ते शोकेस भंगारात द्यायचं होतं, मला काडीकिड्यांसाठी हवं होतं आणि बाबांना ते जागचं हलायलाच नको होतं. लग्न झाल्यावर आईच्या कपबश्यांसाठी त्यांनी ते स्वतःच्या हातांनी केलं होतं.

बाबा दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवतात. त्यांनी घडवलेला दात कुठे टोचला, अशी तक्रार आजवर आलेली नाही. पण शोकेसचं काचेचं दार पहिल्या दिवसापासून नीट बसलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहायची.

"लोकांच्या तोंडात यांना केसाएवढा फरक चालत नाही," शिवणयंत्राचं चाक थांबवून आई म्हणायची, "माझ्या कपबश्यांवर धूळ मात्र चालते."

"लाकूड आहे ते. आपल्या जागी बसायला वेळ घेतं."

"घेऊ दे. तुम्ही तरी कुठे लवकर बसता?"

शेवटी कपबश्या स्वयंपाकघरात गेल्या आणि शोकेस रिकामं झालं. नेमकी तेव्हाच मी जिथे शिकले त्या प्रयोगशाळेतली कीटकांची खोली बंद होत होती. सरांनी एक खोका माझ्या हातात ठेवला. मी तो घरी आणून आईसमोर उघडला.

"यात काय आहे? नुसत्या काड्या तर आहेत."

"त्यातल्या काही काड्या नाहीत. नीट बघ."

तिने फुंकर मारली. एक काडी डुलली, मग सहा पायांवर उभी राहिली. आई दोन पावलं मागे सरकली.

"पिल्लं झाली तर गं?"

"होणारच. या जातीत सगळ्या माद्याच असतात. नर लागतच नाही."

आईने बाबांकडे एक नजर टाकली. "मग या काड्यांच्या घरातली दारं नीट बसत असतील."

बाबा हसले नाहीत, पण शोकेस मला देऊन टाकलं. अट एकच होती.

"भिंतीपासून हलवायचं नाही."

"का?"

"जुनं आहे. सांधे निखळतील."

मी सगळं काम पुढूनच केलं. दोन्ही बाजूंना गोल भोकं पाडून आतून बारीक जाळी चिकटवली, म्हणजे हवा खेळती राहील. आतल्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून वॉर्निशचे हात दिले. तळाशी माती, कोपऱ्यात ओलावा मोजायचं यंत्र, मध्ये पाण्याच्या बाटलीत पेरूच्या फांद्या. दाराच्या कडा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या. तिथे फट बुजवायला रबराची पट्टी चिकटवायची होती आणि गुळगुळीत वॉर्निशवर ती धरत नव्हती.

काडीकिडे आत गेले. मी रोज फवारा मारायचे. फार कोरडं झालं तर कात टाकताना जुनी कातडी पायांना चिकटून बसते आणि किडा मरतो. बाबा "सहज" म्हणून शोकेससमोर खुर्ची टाकून बसू लागले. सगळ्यांत लांब मादीला त्यांनी मावशी असं नाव दिलं. सकाळी चहाच्या आधी ते मावशीला शोधून काढायचे, आणि सापडली की कवळीचा साचा पहिल्याच वेळी जमल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

एका सकाळी त्यांची हाक आली. "अगं, इकडे ये! सगळे या!"

दार बसलं होतं. वरच्या कोपऱ्यात फटच नव्हती. बाबांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"म्हटलं नव्हतं? लाकडाला वेळ द्यावा लागतो. माझं माप बरोबर होतं!"

आईने गळ्यातली टेप काढून कोपऱ्यात सरकवून पाहिली. टेपसुद्धा जाईना. "मान गये," ती म्हणाली. "आता उघडून दाखवा."

बाबांनी मूठ धरून ओढली. मग मी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली. काच थरथरली, दार तसूभरही हललं नाही.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो फारसा सुखाचा नव्हता. कोऱ्या ठेवलेल्या कडांनी रोजच्या फवाऱ्याचं पाणी पिऊन घेतलं होतं. लाकूड फुगलं होतं, वर माझी रबराची पट्टी. आतल्या फांद्यांना शिरांपलीकडे पान उरलं नव्हतं. मी त्याच सकाळी बदलणार होते. जाळीतून पाणी मारता येत होतं, पण पान आत घालता येत नव्हतं. आणि पाणी मारलं की दार आणखी घट्ट होणार.

सुतार आला. त्याने दार ठोकलं, वास घेतला, डोकं वाकडं करून बिजागरी पाहिली.

"हे कोणी केलंय?"

"जुनं आहे," बाबा म्हणाले.

"ते दिसतंच आहे. कोणी केलंय?"

"मी."

सुताराने पुढे काही विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण. "वाळू दे चार-सहा दिवस, आपोआप सुटेल," तो म्हणाला.

"तोवर यातलं एकही जगणार नाही," मी म्हणाले. मावशीच्या शेजारची धाकटी उलटी लटकली होती आणि तिच्या पाठीवरची कातडी उकलायला लागली होती. फवारा थांबवणं शक्यच नव्हतं.

"मग दार कापतो. चौकट जाईल, काचही जाईल. शोकेस काही राहणार नाही."

"कापा," मी म्हणाले, आणि बाबांकडे पाहायचं टाळलं. सुताराने करवत काढली.

"थांबा," बाबा म्हणाले. ते आत गेले आणि आपली कामाची पेटी घेऊन आले. तिच्यातून स्पिरिटचा दिवा निघाला, कवळ्यांचं मेण कोरायची चपटी सुरीही निघाली. आईकडे न बघता ते म्हणाले, "जरा पुढे ओढू या."

"सांधे निखळतील ना?" मी म्हणाले.

"सांधे ठीक आहेत."

आम्ही शोकेस भिंतीपासून ओढलं. मागच्या फळीला एकही खिळा नव्हता. चारही कडांनी एक जाड गुलाबी रेघ गेली होती, अगदी एकसारखी, हिरडीसारखी गुळगुळीत. ते कवळ्यांचं मेण होतं.

आई खाली बसली आणि ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेली.

"खिळा मारला की फळी चिरत होती," बाबा म्हणाले. "दोन चिरल्या. तिसरी तुझ्या भावाकडून मागून आणलेली. म्हटलं, भिंतीला टेकूनच तर राहणार आहे."

"आणि माझ्या आईने दिलेला सेट यात होता. इतकी वर्षं. मेणावर."

"पडला का कधी?"

आईने काडी ओढून दिवा पेटवला आणि त्यांच्यासमोर धरला. बाबांनी सुरी तापवून रेघेत घातली. मेण लोण्यासारखं सुटत गेलं आणि फळी सुताराच्या हातात अलगद आली. मी सुकलेल्या फांद्या काढून ताज्या ठेवल्या. मावशी पहिल्याच पानावर चढून कडेने कुरतडू लागली. धाकटीला मी हात लावला नाही. ती दुपारी कातडीतून सुखरूप बाहेर पडली आणि तिने ती खाऊनही टाकली.

सुतार निघताना म्हणाला, "फळी नीट बसवून देऊ? बारीक स्क्रू मारतो, चिरणार नाही."

"मारा," बाबा घाईने म्हणाले.

"काही नको," आई म्हणाली. "हिला रोज पाला घालायला मागून उघडावं लागणार. मेणच बरं." मग यंत्रावर बसून दोरा ओवता ओवता तिने पुस्ती जोडली, "तसंही या घरात यांनी बसवलेलं तेवढंच एक धड बसलंय."

"दारही बसलंय," बाबा म्हणाले.

"ते फुगून बसलंय. त्याचं मला विशेष वाटत नाही. रोजच बघते."