काळकुसळीचा नमुना

बियाण्याच्या दुकानातल्या पिशवीवर आपल्या आतेच्या शेतातलं भात छापलेलं दिसलं, तेव्हा मृणालीने आधी चष्मा पुसला. लाल दाणा, आणि काजळात बुडवून काढल्यासारखी काळी कुसळं. खाली ठळक नाव, 'खारशक्ती-१', आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'अनेक वर्षांच्या संशोधनातून सिद्ध'.

हे संशोधन मृणालीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते साधारण वीस मिनिटं चाललं. तीन वर्षांपूर्वी संदेश नावाचा एक गोडबोल्या माणूस संगमेश्वरच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या त्यांच्या गावात आला होता. गोदाआतेच्या ओटीवर बसून तो पिठलं-भात जेवला, 'काकू, हाताला चव आहे' म्हणाला, आणि उठताना बियाणं मागितलं. मागेल त्याला बियाणं द्यायचं, मोल घ्यायचं नाही, पुढच्या हंगामात त्याने तेवढंच आणून द्यायचं, ही त्या गावची रीत. आतेने पेंढ्यात आवळून बांधलेली बियाण्याची मुडी सोडली आणि त्याला पायलीभर भात दिलं. पुढच्या हंगामात संदेश आला नाही. तीन वर्षांनी त्याची पिशवी आली.

गावात या भाताला काळकुसळ म्हणत. भरतीला खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की बाकीची भातं माना टाकत. काळकुसळ उभी राही.

मृणाली रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होती आणि छापील गोष्टींवर तिचा विश्वास होता. तिने वाणांच्या नोंदणीचा कायदा दोनदा वाचला. कायदा चांगला होता. शेतकऱ्याने जपलेलं वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवता येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांनी तो मनापासून लिहिला असावा. चालवणाऱ्यांनी तो वाचला असावा, असं मात्र खात्रीने सांगता येत नव्हतं.

"आते, हे त्या बियाणे कंपनीच्याच नावावर चढलं, तर उद्या हे आपलं म्हणायची सोय राहणार नाही."

"मंग कुणाचं म्हनायचं?"

"त्यांचं."

गोदाआते चूल फुंकायची थांबली. "बांध फुटला त्या साली माज्या सासूनं भांडीकुंडी सोडली नि मुडी तेवडी डोक्यावर घेऊन गळाभर पान्यातनं आली. आनि त्यांचं? लिही बाय तू. काय लिवायचा तो अर्ज लिही."

मृणालीने अर्ज लिहिला. चार महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं: खारशक्ती-१च्या कंपनीने हरकत घेतली होती. गोदा यांचं भात ही आपल्याच वाणाची नक्कल आहे, सबब अर्ज फेटाळावा, अशी त्यांची प्रार्थना होती. मृणालीने पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आते इतकी हसली की तिला ठसका लागला.

सुनावणी पडद्यावर होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकांच्या कपाटासमोर, आते नवं लुगडं नेसून लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर एका चौकोनात अधिकारी होते, दुसऱ्यात कंपनीचे वकील.

"या वाणाचे जनक कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सासू," आते म्हणाली. "तिच्या आदी तिची सासू."

"त्यांची संमतीची सही लागेल."

"ती मेली सायेब."

"मृत्यूचा दाखला?"

"कुनाचा? सासूचा का तिच्या सासूचा?"

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. "दोघींचा."

मग वकिलांनी घसा साफ केला. "बाई, हे बियाणं तुम्ही पहिल्यांदा कधी विकलंत?"

"बियानं कोन इकतं?"

"नोंद घ्यावी," वकील आनंदाने म्हणाले, "अर्जदारांची विक्री शून्य. आमची विक्री मागच्या वर्षीपासून सुरू आहे. म्हणजे आधीचं वाण कोणाचं, हे उघड आहे."

"अवो, तुमच्या संदेशानं ते माज्याकडनं नेलान! पिठलं खाऊन नेलान!"

"पिठल्याची पावती आहे का?" वकिलांनी विचारलं. अधिकाऱ्यांनी पिठल्याचा मुद्दा कामकाजातून वगळला.

शेवटी आदेश झाला. दोन्ही वाणं देशावरच्या चाचणी केंद्रात शेजारी शेजारी पेरून दोन हंगाम तपासावीत. दोन्ही सारखी निघाली, तर आधी विक्री करणाऱ्याचा दावा धरला जाईल आणि अर्ज निकाली निघेल. वेगळी निघाली, तर नोंदणी होईल. अर्जदाराने तीन किलो भाताचा नमुना पाठवावा, त्यातला निम्मा पडताळणीसाठी कंपनीला दिला जाईल.

दोन्ही भातं सारखीच निघणार होती, कारण ती एकच होती. जे खरं होतं तेच सिद्ध झालं की आते हरणार होती.

"निम्मा त्यांना?" परत जाताना आतेने एवढंच विचारलं.

"हो."

"बरं," आते म्हणाली, आणि देवरुखच्या गाडीत खिडकीपाशी बसून झोपली.

नमुना आतेने घरून तयार करून आणला. मृणालीने तो प्रयोगशाळेत ग्रॅमपर्यंत तोलला, ओलावा मोजला, खडा-कचरा चिमट्याने वेचला, कीड नसल्याचं प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने जोडलं. दाणा नेहमीपेक्षा किंचित गडद वाटला. आतेने चांगलं खडखडीत ऊन दिलंय, असं तिला कौतुकाने वाटलं. एम.एस्सी.ला तिचा विषय बियाण्यांची उगवण हाच होता. ओल्या टिपकागदावर दहा दाणे ठेवून बघावेत, हे ती दरवर्षी साठ मुलांना शिकवत असे.

दोन हंगाम गेले. मग जाड पाकीट आलं. त्यात अशोकस्तंभाची मुद्रा असलेलं प्रमाणपत्र होतं: वाण काळकुसळ, नोंदणीधारक गोदा. कंपनीची हरकत फेटाळली होती. मृणाली स्टाफरूममध्ये उभी राहून ते तीनदा वाचत राहिली. मग तिने सोबतचा चाचणी अहवाल उघडला आणि बसली.

उगवण, पहिला हंगाम: शून्य टक्के. दुसरा हंगाम: शून्य टक्के.

त्याखाली कायद्याने ठरवलेले तीन रकाने होते. एकसमानता: सर्व वाफ्यांत संपूर्ण एकसमान. स्थैर्य: दोन्ही हंगामांत तिळमात्र फरक आढळला नाही. वेगळेपणा: खारशक्ती-१ची रोपे सरासरी एकशे दहा सेंटिमीटर वाढली, काळकुसळीची उंची शून्य, सबब वाण स्पष्टपणे वेगळे. 'उगवलंच नाही' असं लिहायला अहवालात रकाना नव्हता, आणि रकाना नसलेली गोष्ट लिहिण्याची त्या केंद्रात पद्धत नव्हती.

त्याच दुपारी ती गावी पोचली. आते अंगणात भात वाळत घालत होती. बाजूला चुलवणावर तांब्याचा हंडा वाफाळत होता. घरात खायचा उकडा तांदूळ करायला भात टरफलासकट हंड्यात उकडून वाळवतात, हे मृणालीने जन्मापासून पाहिलेलं होतं. आज तिने हंड्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या गडद दाण्यांकडे.

"आते, तू नमुना उकडून दिलास?"

"मंग?" आते दाणे पसरतच म्हणाली. "एकदा कच्चं दिलं तर पिशवीवर छापून आलं. तो सायेब म्हनला निम्मं कंपनीला देनार. बघायला मागितलान, बघायला दिलं. पेरायला कुटं मागितलान?"

"त्यांनी पेरलं, आते. दोन वेळा."

"उकडलेलं?" आतेचा हात थांबला. "शिकलेली मानसं ना गो ती?"

"मी पण शिकलेली आहे," मृणाली म्हणाली.

तिने पर्समधून कागद काढला. येताना गाडीत तिने चार ओळी लिहिल्या होत्या: नमुना नजरचुकीने सदोष गेला, नवा नमुना पाठवत आहोत, फेरचाचणी व्हावी. तिने त्या वाचून दाखवल्या.

"मंग काय व्हईल?"

"कच्चं पाठवलं तर उगवेल. दोन्ही एकच आहेत हे कळेल. मग ते त्यांचं होईल."

"आनि नाय पाठवलं तर?"

"त्यांच्या पिशवीवर त्यांचं नाव राहील. पण कागदावर तुझं तुला राहील."

"मंग तू कुनाला सुदरवायला निघालीस, बाय?"

तेवढ्यात शेजारची गंगुबाई सूप घेऊन आली. तिच्या शेताचा बांध यंदा फुटला होता, तिला काळकुसळीचं बियाणं हवं होतं. आतेने हात झटकले, आत जाऊन मुडी सोडली आणि तिचं सूप कच्च्या भाताने भरून दिलं. गंगुबाईने ना अर्ज केला, ना सही. "पुढल्या साली आनते गो," एवढं म्हणून ती गेली.

मृणालीने चार ओळींचा कागद दुमडला आणि चुलवणात सारला. नमुना उगवला त्यापेक्षा तो बराच चांगला पेटला. मग तिने प्रमाणपत्राच्या मागची बाजू आतेला वाचून दाखवली. तिथे लिहिलं होतं की मुदत संपताना नोंदणीधारकाने नूतनीकरणासाठी वाणाचा ताजा नमुना, तीन किलो, पुन्हा सादर करावा.

"करू की," आते म्हणाली, आणि हंड्यावरचं झाकण उचलून वाफ बघितली. "हंडा हायच."