लागू नसेल ते खोडा

घरातले सगळे फॉर्म उर्मिलाच भरायची, रेशनकार्डापासून गॅसच्या नंबरापर्यंत. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि नवरा उत्तम विमा कंपनीत असूनही घरी कागद समोर आला की चष्मा शोधायला लागायचा. म्हणून दोन हजार पाचच्या दहावीच्या सुट्टीत क्लासच्या चंदन सरांनी 'व्यक्तिमत्त्व चाचणी'चे एकशेवीस प्रश्न दिले, तेव्हा क्षितिजा बॅडमिंटनची रॅकेट उचलत सरळ म्हणाली, "आई, तूच भर ना. तुला माझं सगळं माहितीये." फॉर्म मुलांनी स्वतः भरायचा असं सरांनी बजावलं होतं. पण जिने पोरीचा बालवाडीपासूनचा प्रत्येक कागद भरला, तिने हाच तेवढा का सोडावा?

दुपारचे तीन वाजले होते. गिरगावातल्या चाळीत दिवसा दार लावलं तर शेजारीण येऊन विचारायची, बरं नाही का म्हणून. मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आल्यापासून उर्मिलाला कळलं होतं, की लावलेल्या दाराआड दुपार किती मोठी असते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या फटीत मिठागरांचा एक पांढरा पट्टा दिसायचा. उन्हात तो थरथरायचा. कधी तिथे पाणी आहे असं वाटायचं, कधी तिथे काहीच नाही असं. ती बघत उभी राहायची आणि गॅसवर डाळ उतू जायची.

फॉर्मवर सगळ्यात वर छापलं होतं: लागू नसेल ते खोडा. पुढे ओळी होत्या. 'मी निर्णय पटकन घेतो/घेते.' उर्मिलाने 'घेतो' खोडलं आणि पुढे 'नेहमी' लिहिलं. क्षितिजाच ती, दुकानात पाय ठेवण्याआधी चप्पल पसंत करणारी. पहिली दहा-बारा उत्तरं अशी बिनचूक गेली. मग ओळ आली, 'मी खिडकीपाशी उगाच उभा/उभी राहतो/राहते.' तिने 'उभा' खोडलं, 'राहतो' खोडलं. पडदा फुगून आत आला, तिच्या हाताला लागून परत गेला. तिने लिहिलं, 'नेहमी'.

तिथून पुढे पेन आपोआप चाललं. मुलगा असता तर दर ओळीला 'राहते' खोडावं लागलं असतं, आणि हा कागद आपला नाही याची दर ओळीला आठवण झाली असती. लेकीचं 'मी राहते' आणि आईचं 'मी राहते' मात्र एकच. फार वर्षांनी कुणीतरी आपल्याला काही विचारतंय एवढंच तिला वाटत राहिलं, आणि ते फार बरं वाटलं. पाच वाजता भानावर आली तेव्हा एकशेवीस ओळी भरून झाल्या होत्या. कोणती कुणाची, हे परत बघायचा तिला धीर झाला नाही.

कॉम्प्युटरने काढलेला रिपोर्ट निकालानंतर आला. उत्तमने तो पूजेची पोथी वाचावी तसा मोठ्याने वाचला. "एकांतप्रिय. बाहेरून शांत, आत सतत काहीतरी चाललेलं. यंत्रांची भीती. पाण्याची, मोकळ्या जागेची ओढ. विज्ञान शाखा टाळावी."

ही पोर बाराव्या वर्षी बंद मिक्सर उघडून दुरुस्त करणारी, इंजिनिअर व्हायचं म्हणून घर डोक्यावर घेणारी. पण काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायची माणसाला हौसच असते. "कॉम्प्युटरचं आपल्याशी काय वैर आहे?" उत्तम म्हणाला, आणि सोमवारी द्यायचा सायन्सचा फॉर्म त्याने बाजूला ठेवला.

उर्मिलाचे कान तापले. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि इतकं नेमकं तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. ओट्याशी जाऊन तिने तो कागद दोनदा वाचला. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. क्षितिजा भांडेल, बापाला वठणीवर आणेल, आपल्याला बोलावं लागणारच नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

क्षितिजा भांडली नाही. रॅकेट दाराआड पडून राहिली. तिसऱ्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी दिसली, बरोबर आईच्या जागी.

"आई, इथून मला काहीच वाटत नाहीये," ती मिठागरांच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. "पण रिपोर्टमध्ये आहे म्हणजे आत कुठेतरी असेलच ना? मिक्सरची मला भीती वाटते, हेपण माहीत नव्हतं."

उर्मिलाने गॅस बंद केला.

"क्षितू, तो रिपोर्ट माझा आहे."

शनिवार होता, उत्तम घरीच होता. पेपर हातात घेऊन तो दारात आला आणि उर्मिलाने दोघांना सगळं सांगितलं, खिडकीच्या ओळीपासून. क्षितिजा आधी आ वासून बघत राहिली. मग तिने फळीवरचा कुरकुरणारा मिक्सर खाली घेतला, स्क्रू ड्रायव्हर शोधला आणि बैठक मारली. सायन्सचा फॉर्म तिने त्याच संध्याकाळी स्वतः भरला, कोंबडीच्या पायांच्या अक्षरात.

उत्तम मात्र रिपोर्ट घेऊन बसला. एकेक ओळ वाचायचा आणि बायकोकडे बघायचा.

"बाहेरून शांत, आत सतत चाललेलं. अगं, हे तर माझंपण आहे."

"असेल. असं लिहिलं की सगळ्यांनाच आपलं वाटतं," उर्मिला म्हणाली, आणि म्हणताना तिला थोडं वाईट वाटलं.

"आणि पाण्याचं?"

"पाण्याचं माझं एकटीचं."

"सतरा वर्षांत बोलली नाहीस कधी."

"कुणी विचारलं नाही. फॉर्मने विचारलं."

रविवारी चार वाजता ती चहाचं आधण ठेवायला गेली, तर उत्तम ओट्याशी उभा होता.

"राई गावाला खाडीवर जाऊन ये. खाली रिक्षा मिळेल. एकटीच जा."

"अहो, आणि चहा? रात्रीचा स्वयंपाक?"

"मी करतो," उत्तम म्हणाला आणि साखरेचा डबा शोधायला लागला.

उर्मिला जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर ती क्षणभर थांबली आणि मनातल्या मनात तिने 'मी करतो/करते'मधल्या 'करते'वर एक सरळ रेघ मारली.